थवा न उडविता



हिवाळा आला की आपण ओझरकर आपल्याच निफाड तालुक्यातील नांदूर-मधमेश्वरला सहलीस निघतो. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत पाटपाण्यासाठी बंधारा झाला. त्यामागे गाळ साचला, बेटे झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पाखरे आली. 1986 साली तेथे अभयारण्य झाले. 2020 साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली.

हिमालयापलीकडून चक्रवाक येथे येतो तो चरण्यासाठी व विसाव्यासाठी. छायाचित्राकरिता टाळ्या पिटून आपण थवा उडविला, तर त्याचे चरणे थांबते आणि परतीच्या प्रवासासाठी अंगी साठविलेली चरबी फुकट खर्ची पडते. आपली घटकाभराची मौज त्याला अशी महाग पडते.

म्हणून सहलीच बंद कराव्यात, असे आम्ही म्हणत नाही. ज्याने पाखरू पाहिलेच नाही, तो ते राखील कशाला? अवश्य जावे, मुलांनाही न्यावे. मात्र पाखरांपासून दूर राहून दुर्बिणीने पाहावे, हळू बोलावे, शिदोरीचा कचरा घरी परत आणावा. थवा होता तेथेच बसलेला ठेवून आपण परतलो, तर सहल सार्थकी लागली असे आम्ही समजू.