तीन नंबरचा बावटा आणि आपली बनीम

(भालकी येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

अध्यक्षमहाराज, मंडळी आणि पंख्याखालची जागा आधीच धरून बसलेल्या माता-भगिनींनो,

पत्रिकेत माझा विषय छापलाय ‘अंदमान ते लक्षद्वीप : बेटांवरचे वारे, पाऊस आणि खवळलेला समुद्र’. परवा मोंढ्यात एका अडत्यानं विचारलं, “सर, हितं कारंजा धरणाच्या पलीकडं पाणी बघितलं न्हाई आमी. समुद्राचं काय सांगूलालाव?” त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायला मी आलोय.

अंदमान म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे सेल्युलर जेल येतं. ते तुम्हाला माहीत आहे, शाळेत झालंय. सावरकर १९११ साली ‘महाराजा’ जहाजातून गेले, हेही झालंय. हैदराबादच्या रेसिडेन्सीवर १८५७ च्या जुलैत चाल करून जाणारे मौलवी अल्लाउद्दीन तिथेच काळ्या पाण्यावर गेले, हे मात्र आपल्या जुन्या निजामी मुलखात कमी सांगितलं जातं. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. पुढच्या वर्षी बोलावलंत तर. (हशा)

आज मला फक्त तिथला वारा सांगायचाय. वेधशाळेच्या पत्रकात एक वाक्य वरचेवर येतं : अंदमानच्या समुद्रात सोसाट्याचा वारा, ताशी चाळीस ते पन्नास, झोत साठपर्यंत, समुद्र खवळलेला, मच्छीमारांनी जाऊ नये. खवळलेला हा शब्द तिथे मोजून वापरतात. लाट अडीच ते चार मीटर असली की खवळलेला, चार ते सहा झाली की अति खवळलेला. म्हणजे या व्यासपीठाच्या मागचा पडदा आहे ना, तेवढी एकेक लाट. मग बंदरात तीन नंबरचा बावटा चढतो. कोकणात बावटा म्हणतात, पण ते कापड नसतं. दिवसा शंकूसारख्या खुणा टांगतात, रात्री दिवे लावतात. एक ते अकरा असे नंबर. पहिले दोन लांबच्या वादळाचे, तिसरा बंदराला सावध करणारा, आठपासून पुढे महासंकट. आणि अकरावा म्हणजे इशारा देणाऱ्या केंद्राशीच संपर्क तुटला. याचं घरगुती उदाहरण माझ्याकडे आहे, पण सौभाग्यवती पहिल्या रांगेत बसल्यात. (हशा)

आता मुद्दा. आपण सगळे पावसासाठी पश्चिमेकडे बघतो. मुंबईत पडला, कोल्हापुरात पडला, म्हणजे आता येणार. अहो, नकाशावर पट्टी ठेवा. मी ठेवलीय, बियाण्याच्या कंपनीच्या कॅलेंडरमागे हा नकाशा मीच काढलाय, म्हणून श्रीलंका जरा लठ्ठ झालीय. भालकी ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ४७० किलोमीटर. भालकी ते काकिनाडा सुमारे ५५०. म्हणजे दोन्ही समुद्र आपल्याला जवळपास सारखेच लांब! पण पश्चिमेच्या दारात सह्याद्रीचा उंबरा आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर ओतणारे ढग घाट उतरून वाईला आले की रिकामे होतात. मग आपल्यापर्यंत काय येणार? पूर्वेला तशी सलग भिंतच नाही. तिकडचे डोंगर तुटक, गोदावरी-कृष्णेनं वाटा पाडलेल्या. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाला की तो आंध्रातून तेलंगणात आणि तेलंगणातून थेट आपल्या वावरात. त्याला १९५६ ची राज्य पुनर्रचना माहीत नाही. जहिराबाद कुणाकडे, निलंगा कुणाकडे आणि आपण कुणाकडे, हे तो विचारत नाही. (टाळ्या) टाळ्या नकोत, सीमाप्रश्नावर दुसरे वक्ते आहेत.

मागून कुणीतरी म्हणतंय, “मग मृगाचं काय?” मृगाचा वारा नैर्ऋत्येचाच, कबूल. नैर्ऋत्य मोसमी वारा नाहीच असं मी कधी म्हटलं? तुम्ही मला असं पकडू नका. मी म्हणतो, आपल्याकडे तो वारा जोर धरतो तो बहुतेक वेळा उपसागरात काहीतरी घडलं की. नाहीतर जुलैत पंधरा-पंधरा दिवस नुसती ढगांची सावली शेतावरून पळत असते, हे तुम्हीच मला सांगता.

मला हे वेड कुठून लागलं, ते दोन मिनिटांत सांगतो. निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी, मे महिन्याच्या शेवटी, आम्ही उभयता अंदमानला गेलो. हॅवलॉक बेट, आता स्वराज द्वीप म्हणतात. येताना धक्क्यावर पोचलो तर खिडकी बंद, फळ्यावर खडूनं लिहिलेलं : आज बोट नाही. दुसऱ्या दिवशी तोच खडू, तेच अक्षर. तिसऱ्या दिवशी नुसती तारीख बदललेली. भूगोल शिकवणारा माणूस मी, पस्तीस वर्षं ‘आरोह पर्जन्य’ फळ्यावर लिहिला, आणि पहिल्यांदा फळ्यानं मला अडवलं.

काय तो पाऊस! आपल्याकडे पाऊस आधी वास धाडतो, मग धूळ, मग स्वतः येतो. तिथे काही सूचना नाही. निळं आभाळ, एकदम नैर्ऋत्येकडून पाण्याची राखाडी भिंत चालत येते, माडांच्या झावळ्या एका बाजूला विंचरल्यासारख्या होतात, दहा मिनिटं धो धो, की पुन्हा ऊन. सर असते ती. मी धक्क्यावर बसून मोजल्या, एका दिवसात सतरा सरी. शेजारी एक तेलुगू मच्छीमार जाळं दुरुस्त करत होता, त्याचं कुटुंब श्रीकाकुळमकडून आलेलं. तो वर बघायचाही नाही. सर यायच्या आधी जाळ्यावर मेनकापड ओढायचा, गेली की काढायचा. मी विचारलं, कळतं कसं? म्हणाला, “पानी का रंग देखो साहब, आसमान का नहीं.” आणि खरंच, सर यायच्या आधी लांबचं पाणी काळवंडायचं. मी बीदरकडचा म्हटल्यावर त्याला आनंद झाला. “हैदराबाद के बाजू में!” चहा पाजला. बायको म्हणाली, तुमचा हैदराबादचा मुलूख इथंही संपत नाही.

तर तिथून मी धाकट्या भावाला फोन केला. हितं मान्सून आलाय रे, डोळ्यांनी बघतोय. तो म्हणाला, “दादा, हितं कालच चांगला आडवा-तिडवा पडूलाला. वापसा हाय. मूग पेरू का?” मी म्हणालो, पेर! समुद्राकाठी माणसाला जरा जोर चढतो. (हशा) त्यानं पेरलं. मग जूनचे तीन आठवडे कोरडे. दुबार पेरणी. दसऱ्यापर्यंत भाऊ माझ्याशी बोलला नाही, वैनी अजून पुरती बोलत नाही.

हसा. पण चूक कुणाची? वाऱ्याची नाही. अंदमानात पाऊस आला यावरून भालकीची तिफण हलवायची नसते. २०२३ सालचंच बघा. मान्सून अंदमानात १९ मे रोजी आला आणि केरळात ८ जूनला. वीस दिवस वाटेत! का? शेवटी अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ उठलं, त्याचीही आडकाठी झाली. म्हणजे दोष पश्चिमेचाच. (हशा) आणि २०२५ साली अंदमानात १३ मे, केरळात २४ मे, अकराच दिवसांत. यात पेरणीची तारीख कुठे बसवणार? तरी दरवर्षी मे महिन्यात ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी पहिल्या पानावर, ठळक. आपले मोंढ्यात पेढे वाटायचेच बाकी असतात. आणि जेव्हा अंदमान खरोखर आपल्याबद्दल बोलतं, तेव्हा ती बातमी आतल्या पानावर, चार ओळी, बाजारभावाच्या खाली.

कधी? ऑक्टोबरात. २०२० आठवा. सोयाबीन कापून शेतात, कुणाची बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाची गंजी, लागलेली, कुणाची नुसती पसर. ९ ऑक्टोबरच्या सुमारास अंदमानच्या उत्तरेच्या समुद्राकडे कमी दाब तयार झाला. तिथे वारे, सरी, मच्छीमारांना मनाई. आपल्याकडे लख्ख ऊन. १३ तारखेला सकाळी तो काकिनाड्याजवळ किनाऱ्यावर चढला. त्या रात्री हैदराबादेत काय झालं, मुसी नदी कशी आली, तुमच्यापैकी अनेकांचे नातलग तिथेच होते. १४ ला तो आपल्या मुलखावरून सोलापूरच्या बाजूला सरकत होता. चित्रा नक्षत्र चालू होतं. बनिमीतल्या सोयाबीनला शेंगेतच कोंब आले. पुढे उजनी आणि वीरचं पाणी भीमेत उतरलं आणि अफझलपूर-जेवरगीकडे गावंच्या गावं हलवावी लागली.

चार दिवस, मंडळी! अंदमानच्या समुद्रापासून आपल्या बनिमीपर्यंत चार दिवस होते हातात. ताडपत्री आणायला बीदरला जाऊन यायला अर्धा दिवस लागतो.

दरवेळी तसंच होतं असं नाही. २०१३ चं फायलिन वादळ थायलंडच्या आखाताकडून आलं, अंदमान ओलांडून ओडिशात गोपाळपूरला गेलं. २०१४ चं हुदहुद अंदमानवरून विशाखापट्टणमला. लेहर तर अंदमानला झोडपून आंध्राच्या किनाऱ्याशी येता येता मरगळलं. दहातले बरेच पाहुणे आपल्या घरी येत नाहीत. पण आलाच तर तो त्या दारानं येतो. काढणीच्या दिवसांत आकाशवाणीवर अंदमान हे नाव कानावर पडलं की निदान बनिमीचा माथा बघून या, एवढंच मागणं. तो मच्छीमार बघायचा ना, पाण्याचा रंग. आपल्याला तेवढं अठराशे किलोमीटरवरचं पाणी दिसत नाही, म्हणून ती चार ओळींची बातमी वाचायची.

चिठ्ठी आली. अध्यक्ष लिहितात, ‘पाच मिनिटे’. आधीची चिठ्ठी ‘दहा मिनिटे’ होती, ती मी नकाशाखाली ठेवली हे त्यांनी बघितलंय. तुरीचं बोलायचं होतं. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या तुरीला सप्टेंबर-ऑक्टोबरचा हा पूर्वेचा पाऊस जिवाभावाचा. तुरीची ओल तीच आणि सोयाबीनचा काळ तोच. एकाच बांधावर दोघं भाऊ, एक ढगाला हात जोडतोय, दुसरा शिव्या देतोय. यावर अर्धा तास लागेल, सोडून देतो.

प्रश्न? तिसऱ्या रांगेत, हं, बोला. “मोबाईलवर येतं की सगळं.” येतं, येतं. पण तुमच्या मोबाईलवर तुम्ही कुठल्या गावाचं हवामान लावून ठेवलंय? भालकीचं. तिथे चार दिवस आधी ऊनच दिसणार! पोर्ट ब्लेअरचं लावा. आता त्याला श्री विजयपुरम म्हणतात, ते नाव टाका.

आणखी एक चिठ्ठी. माईकवाल्याला औरादला लग्नाला जायचंय. मग संपलंच. लक्षद्वीप राहिलं, मंडळी. पत्रिकेत होतं, माझ्या नकाशातही आहे, फक्त कॅलेंडर टांगायचा खिळा नेमका त्याच्यावर आलाय.