न्याय आणि जन्माचा योगायोग
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या शिष्यवृत्त्या गुणानुक्रमाने द्याव्यात की गरज पाहून, हा प्रश्न आज सभेपुढे आहे. दोन्ही पक्ष न्यायाचाच दाखला देतात. म्हणून न्यायाच्या स्वरूपाचा ज्यांनी आयुष्यभर विचार केला, त्या जॉन रॉल्स यांचे म्हणणे आपणांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

रॉल्स यांचा जन्म १९२१ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे झाला. बालपणी त्यांच्यापासून संसर्ग होऊन त्यांचे दोन धाकटे बंधू लागोपाठच्या दोन वर्षांत दगावले. ते स्वतः मात्र वाचले. पुढे हार्वर्ड विद्यापीठात अध्यापन करीत असता १९७१ साली त्यांनी ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्यात ते म्हणतात, समाजाचे नियम ठरविणाऱ्यांपुढे अज्ञानाचा पडदा आहे अशी कल्पना करावी. आपण धनिकाच्या घरी जन्मलो की मजुराच्या, कुशाग्र आहोत की मंदबुद्धी, हे कोणासच ठाऊक नाही. अशा स्थितीत माणसे दोन तत्त्वे स्वीकारतील. पहिले, मूलभूत स्वातंत्र्ये सर्वांस समान असावीत. दुसरे, अधिकारपदे खऱ्याखुऱ्या समान संधीने सर्वांस खुली असावीत, आणि जी विषमता राहील ती सर्वांत दुर्बलांच्या अधिकाधिक हिताची असावी. घराण्याप्रमाणे बुद्धीही कोणी कमावून आणीत नाही. म्हणून तिच्या फळांत इतरांचाही वाटा आहे, हे या विचाराचे मर्म होय.

यावर त्याच विद्यापीठातील रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली कडाडून आक्षेप घेतला. न्याय्य मार्गाने मिळविलेले धन ज्याचे त्याचे; वाटणी समान व्हावी म्हणून शासनाने ते घेऊ नये, असे त्यांचे म्हणणे. अमर्त्य सेन यांनी २००९ साली आपला ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ हा ग्रंथ रॉल्स यांच्या स्मृतीस अर्पण केला. पण आदर्श व्यवस्थेचा आराखडा रेखाटीत बसण्यापेक्षा डोळ्यांदेखतचा अन्याय दूर करणे अधिक महत्त्वाचे, असे त्यांत प्रतिपादिले.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. रॉल्स यांची तत्त्वे समाजाच्या मूलभूत रचनेसाठी आहेत. खाजगी मंडळांस ती जशीच्या तशी लागू होत नाहीत, आणि देणगीदारांच्या अटी पाळणे आपले कर्तव्यच आहे. तथापि स्वतंत्र खोली आणि शिकवणी लाभलेल्या मुलाचे ऐंशी गुण, आणि घरकाम उरकून दिव्याखाली बसणाऱ्या मुलीचे सत्तर, यांत श्रेष्ठ कोण हे केवळ गुणपत्रिका सांगू शकत नाही. उत्तीर्णतेची मर्यादा ठेवून पुढची निवड गरजेवर व्हावी, असे आमचे मत आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. त्या पडद्याआड धनाप्रमाणे ज्ञातीही दिसत नाही. आपल्या मुलास हात देताना जी करुणा आपल्या मनात जागते, ती ज्ञातीच्या कुंपणाशी का थांबावी? यापुढे उभारावयाच्या निधीतील काही शिष्यवृत्त्या कोणत्याही ज्ञातीच्या गरजू विद्यार्थ्यांस खुल्या असाव्यात, अशी सूचना आम्ही सभेच्या विचारार्थ ठेवितो. तीमुळे ज्ञातीचे ऐक्य उणावणार नाही. उलट त्या ऐक्याला शोभेल असे कार्य हाती लागेल.