30 सप्टेंबरचा पट



बीड जिल्ह्यात वडवणी-धारूरकडे मे महिना आला की गुरुजी आणि बाई भर उन्हात दारोदार फिरतात. "पोरगं आमच्याच शाळेत घाला." त्या दारात इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीची बोलणी कधीच होऊन गेलेली असतात. ही धावपळ उगाच नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीच्या 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक धरलेत. 61 वं पोर आलं की तिसरा. एका पोराच्या फरकानं एखादे गुरुजी अतिरिक्त ठरतात.

हा पट बघतात 30 सप्टेंबरला, त्यावरून संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं. आधार जुळलं नाही, तर समोर बाकावर बसलेलं पोरही हिशेबात येत नाही!

आता तारीख बघा. सप्टेंबरअखेर सोयाबीन काढणीला आलेलं, माणसं गावात, वर्ग भरलेले. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते. सांगली-कोल्हापूरकडे निघालेल्या ट्रॉलीत भांडी, पिठाचं पोतं, एखादी शेळी आणि तिसरीतली मुलगी. आई-बाप उसाच्या फडात गेल्यावर कोपीवर, म्हणजे झोपडीवर, धाकट्याला सांभाळायला ती लागते. नाव मात्र गावच्या पटावर तसंच.

सरकारनं काही केलं नाही, असं नाही. हंगामी वसतिगृहं आहेत. पोरं आजीजवळ राहतात, जेवण शाळेकडून. पण मंजुरी टोळी निघण्याआधी हातात पडली तर उपयोग. एकदा ट्रॉली हलली की कसलं वसतिगृह? दाखला नाही म्हणून साखर कारखान्याजवळच्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही, हेही कायद्यात आहे. पण आई-बाप पहाटेच फडात. पोराला शाळेत सोडणार कोण?

माझं म्हणणं, पट जानेवारीतही मोजा. शिक्षक कमी करायला नव्हे. ती धास्ती असली तर खरा आकडा कुणी देणार नाही. फुगवलेले पट आपण 2011 च्या पटपडताळणीत पाहिलेत. गावातून गेलेली आणि कारखान्यावर आलेली, दोन्ही याद्या एकाच दिवशी करून नावं ताडून बघा. रोज किती टन ऊस गाळला हे कारखान्याला चोख ठाऊक असतं, मग फडावरची पोरं मोजणं काय अवघड? आणि दोन्हीकडच्या शाळेत जी सापडणार नाहीत, त्यांच्या कोपीपर्यंत कुणी जायचं, ते दिवाळीआधीच ठरवून टाका.