आठ फोन, एकच लहरपट्टा
मोबाइलच्या टॉवरवर हल्ली चपटी पेटी दिसते. फाइव्ह-जीच्या अशा अनेक पेट्या एकाच वेळी 64 मार्गांनी ऐकतात. एकाच क्षणी, एकाच लहरपट्ट्यावर आठ फोनांनी संदेश धाडले, की प्रत्येक अँटेनावर आठांची सरमिसळ येऊन आदळते. ती निस्तरायची कशी?

सर्वांत बिनचूक उपाय म्हणजे एकूण एक शक्यता तपासणे. पण फोनने धाडलेल्या प्रत्येक चिन्हाची 16 रूपे धरली, तरी आठ फोनांच्या मिळून शक्यता भरतात सुमारे 429 कोटी! आणि फाइव्ह-जीच्या एका नेहमीच्या मांडणीत सेकंदाला अशी 28,000 चिन्हे येतात, तीही शेकडो उपवाहकांवर, म्हणजे लहरपट्ट्याच्या बारीक फाकांवर. हा नाद सोडलेलाच बरा.

2010 साली बेल लॅब्जच्या थॉमस मार्झेटा यांनी गणिताने दाखवले, की अँटेना फोनांपेक्षा पुष्कळ जास्त असल्या तर फोनांचे संदेश आपोआप वेगळे पडू लागतात. मग साधी रेषीय पद्धत पुरते. कुणाचा संदेश कुणात किती मिसळतो याची आठ ओळी, आठ स्तंभांची सारणी मांडायची, गोंगाटाचा हिशेब धरायचा आणि तिचा व्यस्त काढायचा. गंमत अशी, की या सारणीत कर्णावरचे आकडे भरभक्कम आणि बाकीचे किरकोळ असतात. त्यामुळे पूर्ण व्यस्त न काढता, ढोबळ उत्तर घेऊन ते दोन-चार फेऱ्यांत सुधारले तरी भागते. वेळ वाचतो, वीजही.

मेख आहे ती गर्दीत. फोन वाढले किंवा अगदी शेजारी आले, की ही युक्ती लंगडी पडते. तिथे ‘स्फिअर डिकोडिंग’ कामी येते. त्यात मिळालेल्या संदेशाच्या आसपासच्या शक्यताच तपासल्या जातात. हिशेब वाढतो, पण सहसा 429 कोटींच्या जवळपासही जात नाही.