बुजऱ्या कुत्र्याचें शिक्षण

कुत्रा हा विषय एका निवृत्त शाळामास्तरानें भाषणासाठीं निवडावा, याचें आपणांपैकीं कांहींना नवल वाटेल. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. मी पशुवैद्य नव्हे कीं प्राणिशास्त्रज्ञ नव्हे. परंतु सारी हयात मुलांत घालविल्यावर एक गोष्ट मला पक्की उमगली आहे. फळ्यापाशीं उभें केल्यावर ज्याच्या तोंडून अक्षर फुटत नाहीं, त्या मुलाला उत्तर येतच नसतें असें नाहीं. पुष्कळदां तें भ्यालेलें असतें. आणि भ्यालेल्या मनांत विद्या शिरत नाहीं. हा नियम कुत्र्यालाहि तंतोतंत लागू पडतो, एवढेंच आज मला आपणांपुढें मांडावयाचें आहे.

ज्यांच्या घरचा कुत्रा स्वभावानें शांत आहे त्यांच्यासाठीं हें भाषण नाहीं. अंगणांत जो गरीब गाईसारखा वावरतो, पण रस्त्यावर पाऊल टाकतांच सायकल, बैलजोडी, परका मनुष्य किंवा दुसरा कुत्रा दिसला कीं दोरीला हिसडे देऊन आकांत मांडतो, अशा कुत्र्याच्या धन्याशीं मला बोलावयाचें आहे. असा धनी चारचौघांत ओशाळतो, मग चिडतो, दोरी आवळतो, ओरडतो. आणि कुत्रा अधिकच बिथरतो.

आमच्या घरीं चंपी नांवाची तांबूस रंगाची गावठी कुत्री आहे. ती आमच्याकडे आली तेव्हां आठ महिन्यांची होती. तोंवरचें तिचें आयुष्य एका बंद गोदामांत साखळीला बांधलेल्या स्थितींत गेलें होतें. घरांत ती माझ्या नातीच्या पायांशीं निजून राही. पण रस्त्यावर सायकल दिसली कीं तिच्या अंगांत येई. एके दिवशीं ती दोरीच्या टोकापर्यंत झेपावली आणि शेजारचा शाळकरी मुलगा दचकून सायकलवरून पडला. ढोपर फुटलें, एवढ्यावरच निभावलें, परंतु मोहल्ल्यांतल्या मंडळींनीं निकाल देऊन टाकला, "गुरुजी, हिला रानांत सोडून या."

आमचें चामोर्शी हें गडचिरोली जिल्ह्यांतलें तालुक्याचें गांव आहे. शहरांतल्या श्रोत्यांना 'रानांत सोडणें' म्हणजे स्वातंत्र्य देणें वाटेल. आमच्या मुलखांत त्याचा अर्थ निराळा आहे. कुत्रा हें बिबट्याचें आवडतें भक्ष्य आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींचा अहमदनगर, या जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बिबट्याच्या विष्ठेची तपासणी करून त्याच्या आहाराचा अभ्यास केला. त्याच्या आहाराच्या एकूण वजनापैकीं सुमारें ३९ टक्के भाग एकट्या कुत्र्यांचा निघाला. सोडलेला कुत्रा बिबट्याच्या तावडींतून वांचलाच, तर चितळांच्या पाडसांमागें लागतो, नाहीं तर आपल्या अंगावरचे रोग रानांतल्या श्वापदांना देतो. तेव्हां चंपीला रानांत सोडणें म्हणजे तिला मृत्यूच्या स्वाधीन करणें, हें मला दिसत होतें. दुसऱ्या बाजूस, शेजारच्या मुलानें भीतभीत शाळेंत जावें हेंहि न्यायाचें नव्हतें. शिक्षणावांचून तिसरी वाट नव्हती.

आतां प्रथम हें पाहूं कीं असा कुत्रा भुंकतो कां. तो मस्तवाल असतो म्हणून नव्हे. नीट निरखून पाहा. भुंकण्यापूर्वीं तो ओठ चाटतो, झोंप आलेली नसतां जांभई देतो, कान मागें पाडतो, शेपटी पोटाशीं घेतो, अंग ताठ करून एकटक पाहतो. हीं सारीं भीतीचीं लक्षणें आहेत. त्याचें भुंकणें म्हणजे, "दूर हो, मला तुझें भय वाटतें," अशी विनवणी असते. आपण मात्र तिला धमकी समजतों. शिवाय सायकलस्वार तर आपल्या वाटेनें निघूनच जातो. कुत्र्याला वाटतें कीं आपण भुंकलों म्हणून तो गेला. उपाय लागू पडला असा त्याचा ग्रह होतो व तो दुसऱ्या दिवशीं दुप्पट जोरानें भुंकतो.

या भीतीचें मूळ बहुधा बालपणांत असतें. अमेरिकेंतील स्कॉट व फुलर या शास्त्रज्ञांनीं कुत्र्यांच्या पिलांवर कित्येक वर्षें प्रयोग करून १९६५ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पिलाच्या वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ जगाची ओळख होण्याचा असतो, असें त्यांस आढळलें. या काळांत ज्यानें माणसें, वाहनें, गुरेंढोरें सुखानें पाहिलीं, त्याला तीं पुढें परकीं वाटत नाहींत. हा काळ ज्याचा अंधाऱ्या गोदामांत गेला, त्याला अवघें जग शत्रूसारखें वाटतें. म्हणून पिलूं पाळणाऱ्यांनीं हे आठवडे वायां दवडूं नयेत.

पण काळ निघून गेला असेल तर काय करावें? येथें दोन जुने प्रयोग उपयोगी पडतात. पचनक्रियेच्या संशोधनाबद्दल १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनीं असें दाखविलें कीं, टकटक करणारें यंत्र वाजवून लगेच कुत्र्याला अन्न दिलें, आणि असें पुनःपुन्हां केलें, तर पुढें नुसत्या टकटकीनेंच त्याच्या तोंडाला पाणी सुटतें. दुसरा प्रयोग १९२४ सालीं अमेरिकेंतील मेरी कव्हर जोन्स या विदुषीनें प्रसिद्ध केला. पीटर नांवाच्या सुमारें तीन वर्षांच्या मुलाला सशाची विलक्षण भीति वाटे. तो खात बसला असतां पिंजऱ्यांतला ससा प्रथम पुष्कळ दूर ठेवावयाचा, आणि तो रडणार नाहीं अशा बेतानें हळूहळू जवळ आणावयाचा, असा क्रम बाईंनीं ठेवला. शेवटीं तो मुलगा सशाच्या अंगावरून हात फिरवूं लागला. त्याला कोणी मारलें नाहीं, कीं "भागूबाई" म्हणून हिणवलें नाहीं. सशाचें दर्शन आणि जिभेचें सुख यांची गांठ पडली, आणि भीति ओसरली.

हीच रीत कुत्र्याला लावावयाची. तिचीं सूत्रें मी वर्गांतल्या धड्यासारखीं क्रमानें सांगतों.

पहिलें सूत्र अंतराचें. सायकल किती पावलांवर असतां आपला कुत्रा तिला पाहतो खरा, पण बिथरत नाहीं, तें शोधून काढावें. चंपीचें अंतर साठ पावलें निघालें. शिक्षणाचा आरंभ तेथूनच, त्याच्या आंत नव्हे. ज्या मुलाला बेरीज येत नाहीं त्याला त्रैराशिक घालूं नये, तसेंच हें आहे.

दुसरें सूत्र क्रमाचें. कुत्र्यानें आधीं सायकल पाहावी, आणि मग लगेच त्याच्या तोंडांत खाऊ पडावा. सायकल दिसेनाशी झाली कीं खाऊ बंद. खाऊ आधीं आणि सायकल मागाहून, असा उलट क्रम झाला तर कुत्रा खाऊलाच भिऊं लागण्याचा संभव असतो. खाऊ रोजच्या जेवणाहून निराळा व वासाचा असावा. उकडलेल्या अंड्याचे, कोंबडीच्या मटणाचे किंवा पनीराचे हरभऱ्याएवढे तुकडे पुरतात. कांदा, मनुका आणि चॉकलेट मात्र कधींहि देऊं नये. कुत्र्याला तें विषासारखें आहे.

तिसरें सूत्र परीक्षेचें. कुत्र्यानें खाऊ घेण्याचें नाकारलें किंवा हिसकावून बोटें दुखतील असा घेतला, तर अंतर कमी पडलें असें समजावें आणि मुकाट्यानें दहावीस पावलें मागें यावें. हा कुत्र्याचा हट्ट नव्हे. तापमापक यंत्रांतल्या पाऱ्यासारखी ती एक खूण आहे.

चौथें सूत्र अभ्यासाचें. नांव उच्चारतांच आपल्या तोंडाकडे पाहणें आणि "माघारी" म्हणतांच आपल्यासह वळून चालूं लागणें, हे दोन पाठ आधीं घरांत, मग अंगणांत, मग निर्मनुष्य रस्त्यावर पक्के करून घ्यावे. घरांत पाठ येतो म्हणून बाजारांत आला पाहिजे, ही अपेक्षा चुकीची आहे. घरीं धडाधड कविता म्हणणारें मूल स्नेहसंमेलनांत अडखळतेंच कीं नाहीं? अंतर, वेळ आणि गर्दी या तीन गोष्टींपैकीं एका वेळीं एकच वाढवावी. अंतर कमी केलें त्या दिवशीं वेळहि कमी ठेवावा. रोज दहा मिनिटें पुरेत.

साधनें अगदीं साधीं आहेत. गळ्याला फांस बसणारी साखळी टाकून द्यावी. गळा आवळला कीं कुत्र्याच्या मनांत सायकल आणि वेदना यांचीच जोडी जमते. छातीवरून जाणारा पट्टा आणि सहा फुटांची मजबूत दोरी असावी. कुत्रा एकाएकीं चिडखोर झाला असेल, तर प्रथम पशुवैद्याला दाखवावें, कारण कान ठणकत असेल किंवा सांधा दुखत असेल तर नुसतें शिक्षण काय करणार? पिसाळण्याच्या रोगाची लस तर दरसाल चुकवूंच नये. दंश झालाच, तर जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं दवाखाना गांठावा; हळद-चुना लावीत बसूं नये.

आतां छडीविषयीं. "दोन ठेवून द्या, आपोआप सरळ येईल," असें सांगणारे पुष्कळ भेटतात. मारानें कुत्रा गप्प होतो, ही गोष्ट खरी आहे. परंतु तो गप्प झाला म्हणजे निर्भय झाला असें नाहीं. गुरगुरणें ही त्याची पूर्वसूचना असते. ती आपण मारून बंद पाडली, तर भीति आंत तशीच राहते, आणि एके दिवशीं तो सूचना न देतां चावतो. २००९ सालीं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतील पशुवैद्यांनीं १४० कुत्रापालकांची चौकशी करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. मारणें, लाथ घालणें, कुत्र्यावर उलट गुरगुरणें अशा कित्येक उपायांनीं निदान चौथा हिस्सा कुत्रे अंगावर आले असें त्यांत दिसून आलें. उलट, भ्यालेल्या कुत्र्याला जवळ घेतल्यानें त्याची भीति वाढते, ही समजूतहि खोटी आहे. दिवाळींत फटाके सुरू झाले कीं खिडक्या लावून त्याला आंतल्या खोलींत घ्यावें आणि खुशाल त्याच्याजवळ बसावें.

कोणी म्हणेल, "पोलिसांचीं कुत्रीं गर्दींत कशीं शांत राहतात?" मुंबई पोलिसांच्या झंजीर नांवाच्या लॅब्रडॉर कुत्र्यानें १९९३ सालीं आपल्या नाकाच्या बळावर स्फोटकांचे साठे हुडकून दिले, हें आपणांस ठाऊकच आहे. परंतु तसे कुत्रे पिलूंपणापासून निवडून कित्येक महिने शिकविलेले असतात. आपल्या बुजऱ्या कुत्र्याकडून तेवढी अपेक्षा धरणें म्हणजे नापास होणाऱ्या मुलाकडून शिष्यवृत्ति मागणें होय. त्यानें सायकलवर प्रेम करावें अशीहि आपली मागणी नाहीं. त्यानें तिच्याकडे पाहावें आणि सोडून द्यावें, एवढें झालें तरी पुरे.

चंपीच्या शिक्षणांत माझा साहाय्यक कोण होता म्हणाल, तर तोच सायकलवरून पडलेला मुलगा. त्याच्या आईवडिलांच्या संमतीनें तो रोज संध्याकाळीं साठ पावलांवरून सायकल हळू चालवीत जाई आणि इकडे मी चंपीच्या तोंडांत अंड्याचा तुकडा घालीं. तीन आठवड्यांनीं अंतर चाळीस पावलांवर आलें. मध्येंच एकदां बैलजोडी घुंगरें वाजवीत आडवी आली आणि आम्हांला पुन्हां साठावर जावें लागलें. यांत खेद मानण्याचें कारण नाहीं. उजळणी हा शिक्षणाचा भागच आहे. पांच महिन्यांनीं तो मुलगा दहा पावलांवरून घंटी वाजवीत गेला. चंपीनें त्याच्याकडे पाहिलें, कान टवकारले आणि मान वळवून माझ्या खिशाकडे पाहिलें. त्या दिवशीं दोघांची भीति गेली होती, मुलाची आणि चंपीची. कारण पांच महिने तोहि तिला रोज सुरक्षित अंतरावरून पाहतच होता.

चंपी आजहि बैलांना बिचकते. महाशिवरात्रीला वैनगंगेच्या कांठीं मार्कंड्याची यात्रा भरते, तेव्हां ती घरींच असते. आणि दिवस मावळल्यावर तर आमच्या मुलखांत कोणत्याच कुत्र्याला बाहेर बांधून ठेवूं नये. कांहीं कुत्र्यांचें शिक्षण येथपर्यंतच पोंचतें. तें मान्य करून त्यांच्या मर्यादेंत त्यांना सुखानें जगूं देणें, हेंहि धन्याचें कर्तव्य आहे.

श्रोतेहो, महाभारतांतील युधिष्ठिरानें सोबतच्या कुत्र्यावांचून स्वर्गांत पाऊल टाकण्याचें नाकारलें, ही कथा आपण मुलांना मोठ्या अभिमानानें सांगतों. आपणांपुढें स्वर्गाचा प्रश्न नाहीं. प्रश्न घरापासून कोपऱ्यापर्यंतच्या साध्या रस्त्याचा आहे. तेवढा रस्ता त्या मुक्या प्राण्याला निर्भयपणें चालतां यावा, आणि त्याच रस्त्यानें शेजारच्या मुलाला निर्भयपणें शाळेंत जातां यावें, यासाठीं रोज दहा मिनिटें आणि मूठभर खाऊ खर्चीं पडला, तर तो व्यर्थ गेला असें कोण म्हणेल? उद्यां आपला कुत्रा रस्त्यावर भुंकूं लागला, तर आवाज चढविण्यापूर्वीं चार पावलें मागें सरा. धड्याचा आरंभ तेथूनच होतो.