मोटारीतला दूरध्वनी आणि लहान आवाजाचे सामर्थ्य



मसाटच्या औद्योगिक वसाहतीत आज मालमोटारीचा चालक खिशातला फोन काढून घरी बोलतो, याचे कोणालाच नवल वाटत नाही. परंतु ही सेवा जन्मली ती खिशात नव्हे, मोटारीत.

१७ जून १९४६ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस शहरात बेल कंपनीने ती सुरू केली. यंत्राचे वजन सुमारे ३६ किलो. प्रत्येक संभाषण ऑपरेटर जोडून देई. बोलताना बटण दाबून धरावे लागे, ऐकताना सोडावे लागे.

खरी अडचण मात्र वजनाची नव्हती, वाहिन्यांची होती. शहरात एकच शक्तिशाली प्रक्षेपक असे. त्याचा आवाज सर्वत्र पोहोचे, म्हणूनच एका वाहिनीवर अवघ्या शहरात एका वेळी एकच संभाषण चाले. १९७६ साली न्यूयॉर्कमध्ये बेलचे असे ग्राहक ५४५ होते आणि सुमारे ३,७०० जण प्रतीक्षायादीत.

यावरचा उपाय बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी डिसेंबर १९४७ मध्येच टिपणात मांडला होता. आपल्या शाळेचेच उदाहरण घ्या. मैदानावरून एकाच शिक्षकाने ध्वनिक्षेपकावर शिकवले, तर सर्व वर्गांना एकच पाठ. वर्गावर्गांत बेताच्या आवाजात शिकवले, तर एकाच वेळी अनेक पाठ चालतात. रिंग यांनी प्रदेशाचे असेच लहान कक्ष कल्पिले. शेजारच्या कक्षांना वाहिन्या वेगळ्या. दूरच्या कक्षात तीच वाहिनी पुन्हा वापरायची. कक्षाला इंग्रजीत ‘सेल’ म्हणतात. ‘सेल्युलर’ हे नाव त्यावरून आले. परंतु धावत्या मोटारीचे संभाषण एका कक्षातून दुसऱ्यात सोपवणारी यंत्रणा तेव्हा नव्हती. १९७९ साली टोकियोत अशी व्यापारी सेवा सुरू झाली, तीही मोटारींसाठीच.

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी पहिले मोबाइल संभाषण केले. तथापि, येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. २००३ मध्ये तो आकार गेला आणि फोन सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागला.

विद्यार्थीमित्रहो, दूरवर घुमणाऱ्या एका आवाजाने मोजक्यांची सोय झाली. मर्यादा पाळणाऱ्या अनेक लहान आवाजांनी सर्वांची. विज्ञानाची उंची मोजताना तिचा लाभ कितीजणांपर्यंत पोहोचला, हेही विचारत चला.