नाडी मोजण्याचे यंत्र घेताना



कार्यवाहबाईंनी मला बोलायला उभे केले ते मी विद्वान म्हणून नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण आपल्यापैकी बऱ्याच जणी हल्ली सकाळी तलावावर आणि जिममध्ये येतात, आणि “ते नाडीचे यंत्र कोणते घेतलेत हो?” असे मला सारखे कुणीतरी विचारते. तेव्हा सगळ्यांना एकदमच सांगते. मी ते हौसेने घेतलेले नाही. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि अट घातली, की नाडी मिनिटाला १३०च्या वर जाऊ द्यायची नाही.

ह्या यंत्रांच्या मुख्य जाती दोन. एक छातीचा पट्टा. हृदयाच्या ठोक्याबरोबर जी बारीकशी वीज उठते ती तो टिपतो, दवाखान्यातल्या ई.सी.जी.सारखीच. दुसरे मनगटी घड्याळ. त्याच्या पोटाशी हिरवे दिवे असतात, आणि कातडीखालचे रक्त कमीजास्त होते त्यावरून ते ठोके मोजते. जिममध्ये पट्टा सरस. डंबेल घट्ट धरले, मनगट वाकले, की घड्याळ गोंधळते. शिवाय आपल्या हातात बांगड्या! घड्याळ मनगटाच्या हाडाच्या वर घट्ट बसायला हवे. बांगड्या त्याला जागेवर राहू देत नाहीत. गर्द गोंदणावरही ते नीट चालत नाही. पट्ट्याचे एवढेच, की आतली बाजू ओली करून बांधायचा. कोरड्या अंगावर तो आधी भलतेच आकडे दाखवतो.

खरी अडचण पाण्यात. दुकानदार म्हणतो, “वॉटरप्रूफ आहे, ताई.” ते खरेही असते. पण त्याचा अर्थ यंत्र भिजून बिघडणार नाही, एवढाच. ब्लूटूथची लहर पाण्यातून जवळजवळ जातच नाही. मग पट्ट्याने मोजलेला आकडा आपल्याला दिसणार कसा? म्हणून किंमत विचारण्याआधी हे विचारा, की यंत्राला स्वतःची मेमरी आहे का? असली तर ते पोहताना सारे साठवते आणि बाहेर आल्यावर दाखवते. ५ किलोहर्ट्‌झची एक जुनी लहर पाण्यातून थोडे अंतर जाते, पण ती पकडणारे घड्याळही हवे. फिनलंडच्या पोलार कंपनीच्या एच १० पट्ट्यात मेमरी आणि ही लहर दोन्ही आहेत. त्यांचेच व्हेरिटी सेन्स पोहण्याच्या चष्म्याच्या पट्ट्यात अडकवून कानशिलाशी ठेवता येते. घड्याळच घ्यायचे तर त्यावर ५० मीटर लिहिलेले पाहा. ३० मीटरचे हात धुण्यापुरते.

भिंतीला पाय देऊन वळताना पुरुषांचा पट्टा खाली घसरतो. आपल्या पोहण्याच्या पोशाखाखाली तो जागेवर राहतो. बायकांची आपोआप सोय झाली असे क्वचितच घडते!

जिमच्या भिंतीवर २२० वजा वय असा हिशेब लावलेला असतो. २०१० साली शिकागोकडच्या बायकांच्या अभ्यासातून निराळा हिशेब निघाला: वयाची ०.८८ पट करून ती २०६ मधून वजा करायची. पंचेचाळिसाव्या वर्षी पहिला हिशेब १७५ सांगतो, दुसरा १६६. हा कमाल आकडा झाला, रोज गाठायचा नव्हे. पाण्यात नाडी जमिनीवरच्यापेक्षा साधारण दहाने कमी राहते. आणि ज्या बीटा-ब्लॉकर गोळ्या घेतात त्यांना ह्यातला एकही हिशेब लागू नाही. त्यांनी डॉक्टरांनाच विचारावे.

मी मेमरीचा पट्टा घेतला. जिममध्ये आकडा समोर मोबाईलवर दिसतो. तलावात दिसत नाही, आणि माझी अट तर तिथल्या तिथे पाळायची. म्हणून दोन फेऱ्या झाल्या की कठडा धरते, मानेवर बोटे ठेवते आणि भिंतीवरच्या घड्याळात दहा सेकंद मोजते. २१ ठोके भरले तर त्याची सहापट १२६, ठीक. २२ भरले की १३२, म्हणजे थांबायचे. घरी मुलगी पट्ट्यातली नोंद उघडते, आणि माझी बोटे खरे बोलली का ते कळते.

पोहून झाल्यावर पट्टा साध्या पाण्याने धुवा, क्लोरीन राहू देऊ नका, आणि पुढची डबी काढून ठेवा, नाहीतर सेल उगाच संपतो. माझा पट्टा आज पिशवीत आणला आहे. चहाच्या वेळी कुणाला बांधून पाहायचा असेल तर पाहा, पण तो लहान मापाचा आहे. आपले माप घेऊनच दुकानात जा.